भुशात राहिलेली साखर

लखनौच्या आमच्या मराठी मंडळात नवीन माणसाशी माझी ओळख करून देताना "हे फूड प्रोसेसिंगमध्ये होते" असं सांगायची पद्धत आहे. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. मंडळात छावणीतले कर्नल असतात, संशोधन संस्थांमधले शास्त्रज्ञ असतात, युनिव्हर्सिटीतले प्राध्यापक असतात. त्यात हा चौथी शिकलेला माणूस आणि त्याचा बिअरचा कारखाना कुठं बसवायचा हा त्यांना प्रश्न पडतो. मला पडत नाही. मी बिअरच्या कारखान्यात होतो. चौतीस वर्षं. आणि ज्यांना राहवत नाही त्यांच्यासाठी इथंच सांगून टाकतो, मी बिअर पीत नाही. धर्माचं वगैरे काही नाही. कडू लागते.

यंदा मंडळाच्या अंकाच्या संपादक बाई म्हणाल्या, काका, तुमच्या कामाबद्दल लिहा. मी म्हटलं, कुठल्या साली कुठल्या खात्यात होतो याचा पाढा मी वाचणार नाही. एकच प्रकरण लिहीन, तेही रिटायर झाल्यानंतरचं, गेल्या हिवाळ्यातलं. शुद्धलेखन तुम्ही बघा, मजकुराला हात लावू नका. त्या हो म्हणाल्या, म्हणून हे लिहितोय.

माझं गाव सांगली जिल्ह्यात, कडेगावच्या बाजूला. थोरले बंधू इथं लखनौच्या छावणीत मेसमध्ये स्वयंपाकी होते. त्यांनी मला सतराव्या वर्षी इकडं आणलं आणि मेसमध्ये भांडी घासण्यापेक्षा बरं म्हणून कारखान्यात चिकटवलं. आधी पोती वाहिली, मग चक्कीवर गेलो, मग टाक्यांवर. तिथंच केस पिकले.

हे काम लोकांना वाटतं त्यापेक्षा साधं आहे. आपल्याकडं बाळाला नाचणीसत्त्व देतात. नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची, दळायची. आमच्याकडं तेच, फक्त नाचणीऐवजी जव. मोड आणून वाळवलेल्या जवाला माल्ट म्हणतात. भाकरीचा घास बराच वेळ चावत बसलं की तोंडात गोड लागायला लागतो ना, तसाच गुण त्या माल्टमध्ये असतो. भरडलेला माल्ट गरम पाण्यात तासभर ठेवला की दाण्यातल्या पिठाची आपोआप साखर होते. पाणी फार गरम झालं तर तो गुण मरतो, कोमट राहिलं तर जागाच होत नाही. मग ते गोड पाणी तळाच्या जाळीतून गाळून घ्यायचं, आणि वरून आणखी गरम पाणी सोडून भुशात अडकलेली साखर धुऊन काढायची. पुढचं उकळणं, कडू फुलं घालणं, आंबवणं हा दुसऱ्यांचा प्रांत. माझा प्रांत गोड पाण्यापर्यंत.

या कामातली सगळी मारामारी एका गोष्टीची असते, साखर किती हाती लागली. दाण्यात असते तेवढी सगळी कधीच निघत नाही. थोडी भुशात राहतेच. केमिस्ट लोक काचेचा एक मीटर गोड पाण्यात तरंगत सोडतात. पाणी जितकं गोड तितका तो वर राहतो, आणि त्यावरच्या रेघांवरून आकडा कळतो. बारा यायला हवा तिथं दहा आला की बिअर पाणचट होणार आणि कुणाला तरी बोलणी बसणार.

मला तो आकडा वाचायची कधी गरज पडली नाही. मी भुसा चाखायचो. टाकीतलं पाणी निथळून गेलं की चार ठिकाणचा भुसा खोल उकरून चिमूटचिमूट तोंडात टाकायचा आणि चावायचा. सपक लागला तर काम झालं. गोड लागला तर साखर आत राहिली. केमिस्ट लोक तोंड वाकडं करायचे, पण त्यांचा मीटर जे सांगणार ते मी अर्धा तास आधी सांगून मोकळा व्हायचो. माझ्याही आधी सांगणारा एकच होता, रामखिलावन नावाचा गवळी. आमचा भुसा त्याच्या म्हशींना जायचा. सकाळी तो आला की मी म्हशींची चौकशी करायचो. "मस्त हैं भैया, नाँद तक चाट गईं" असं तो म्हणाला की मी समजून जायचो. म्हशी गव्हाण चाटण्याइतक्या खूश म्हणजे आदल्या दिवशीची साखर भुशातून गेलेली. थोड्या वेळानं साहेबांचं बोलावणं यायचंच.

आणि चक्की. आमची चक्की सहा रोलरची, म्हणजे तीन जोड एकाखाली एक. त्यातला शेवटचा जोड वीस वर्षं माझ्या ताब्यात होता. दोन रोलरमधली फट किती ठेवायची यासाठी साहेबांकडं वेगवेगळ्या जाडीच्या पोलादी पत्त्यांचं माप होतं. मी पोस्टकार्ड एकदा दुमडून फटीत सरकवायचो. जरासं अडकून सरकलं की बरोबर. माझं पोस्टकार्ड आणि त्यांच्या पत्त्या जुळल्या नाहीत असं एकदाही झालं नाही. साहेब बदलले, पोस्टकार्ड तेच राहिलं.

आता गेल्या हिवाळ्यातलं.

मंडळातल्या एका शास्त्रज्ञांचा फोन आला. अडखळत म्हणाले, तुम्ही फूड प्रोसेसिंगमध्ये होतात ना, माझ्या मुलीला त्यातलीच थोडी अडचण आलीय. मग आवाज बारीक करून म्हणाले, मी फोन केला हे तिला सांगू नका. मुलगी म्हणजे सानिका. हिला मी मंडळाच्या गणपतीत परकर-पोलक्यात नाचताना पाहिलेलं. आता सव्वीस वर्षांची. पुण्याला जाऊन बिअर बनवायचंच रीतसर शिक्षण घेऊन आली होती आणि हज़रतगंजला एका मोठ्या हॉटेलात कामाला लागली होती. या हॉटेलात तिसऱ्या मजल्यावर काचेच्या खोलीत छोट्या टाक्या बसवल्यात. गिऱ्हाईक जेवता जेवता बघतं, आणि तिथंच बनलेली बिअर तिथंच पितं. रीतसर परवान्याचं काम.

मी सहज म्हणून तिला बोलावलं, आणि ती स्कूटरवरून आमच्या सरोजिनी नगरच्या घरी आली. पोरीला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत देते. मी मराठीत बोलतो, ती हिंदीत, कुणाचं काही अडत नाही. आमच्या मंडळींनी, म्हणजे मालननं, तिच्यापुढं पोहे ठेवले आणि म्हणाली, "एवढं शिकून पोर ह्यांना विचारायला आलीय, म्हणजे खरंच अडचण दिसतीय."

अडचण अशी होती. आकडा बारा यायला हवा, येत होता साडेनऊ. एकदा नव्हे, तीन घाणे ओळीनं. तिच्या आधी जो माणूस होता त्याच्या वेळी बाराच येत होता. माल्ट तोच, टाकी तीच, नवीन काय तर ती. हॉटेलचे मालक टंडन साहेब जुन्या लखनवी घराण्यातले, आवाज चढवून बोलणं त्यांना ठाऊक नाही. त्यांनी तिला बसवून चहा पाजला आणि म्हणाले, बेटा, एक बार और देख लेते हैं. ही शेवटची संधी, हे इथं राहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. तिच्या जागेसाठी गुडगावच्या एका माणसाला त्यांनी सोमवारी भेटायला बोलावूनही ठेवलं होतं. इकडं वडिलांनी तिला एक वर्ष दिलेलं. वर्षात जमलं नाही तर बँकेच्या परीक्षांचा अभ्यास करायचा, असं ठरलेलं. वर्ष संपायला दोन महिने होते.

तिनं काय काय करून बघितलं ते सगळं सांगितलं. माल्टचं नवं पोतं फोडून झालं. तीन थर्मामीटर एकमेकांशी ताडून झाले. लखनौचं पाणी जड, किटलीला पांढरा थर धरतो, म्हणून पाण्यात मोजून आम्ल घालून झालं. मीटर लावायच्या आधी पाणी गार करून झालं, कारण गरम पाण्यात तो कमी दाखवतो. मी ऐकत होतो, पण खरं सांगायचं तर ऐकत नव्हतो. माझं मन चक्कीकडं गेलेलं. आमच्याकडं साखर कमी आली की दहातल्या आठ वेळा चक्कीच निघायची.

बुधवारी सकाळी मेट्रोनं तिच्याकडं गेलो. खोली बघून मला हसू आलं. शंभर किलोचा घाणा. आमच्याकडं एवढा माल्ट पोती उतरवताना सांडायचा. तसं बोललोही. ती हसली. भरडलेल्या माल्टची मूठ घेतली तर एकेका दाण्याचे मोठे मोठे तुकडे.

"हे काय दळण आहे? हे घोड्याला घालतात," मी म्हटलं.

ती म्हणाली, "आजोबा, ये दो रोलर वाली है। ज़्यादा टाइट करेंगे तो छिलका फट जाएगा।"

मी म्हटलं, चौतीस वर्षं मी काय केलं असं वाटतं तुला? तिनं पत्त्यांचं माप काढून दाखवलं, पुस्तकात किती फट सांगितलीय ते दाखवलं. मी खिशातून पोस्टकार्ड काढलं. घरून शोधून आणलं होतं. ती आणखी एकदा म्हणाली की मला भीती वाटते. पण लखनौत वाढलेली मुलगी, आजोबांच्या वयाच्या माणसाला किती वेळा नाही म्हणणार? मी पान्यानं चक्की आवळली, पोस्टकार्ड एकदा दुमडून सरकवलं, जरासं अडकलं, बरोबर. सगळा माल्ट त्यातून काढला. मऊ लुसलुशीत पीठ पडलं. मला समाधान वाटलं.

तेवढ्यात टंडन साहेब आले. सानिकानं माझी ओळख करून दिली, कारखान्याचं नाव सांगितलं, वर्षं सांगितली. साहेबांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाले, चचा, आपके जैसे लोग अब कहाँ हैं. तुमचा एक फोटो काढून मोठा करून इथं भिंतीवर लावतो, खाली लिहितो उस्ताद. मी नको नको म्हटलं, पण ज्या आवाजात म्हटलं त्याला नको म्हणत नाहीत.

ज्यांच्या घरात कुरडया होतात त्यांना पुढचं लगेच कळेल. गहू भिजवून वाटून त्याचा चीक काढतात. तो चीक जाळीवर ओतला तर खाली उतरेल का? जवाचं टरफल हीच आमची खरी चाळणी असते. टरफलं शाबूत असतील तर त्यांच्या फटींतून पाणी उतरतं. मी टरफलांचं पीठ करून ठेवलं होतं. दुपारी तोटी उघडली तर आधी बोटाएवढी धार आली, मग दोऱ्याएवढी, मग थेंब, मग तेही थांबलं. टाकीत सगळा चीक होऊन बसला होता. तिनं खालून गरम पाणी ढकलून बघितलं, लाकडी वल्ह्यानं ढवळून बघितलं, हातानं उपसून परत घालून बघितलं. संध्याकाळी पाच वाजता ती थांबली. तिचे हात कोपरापर्यंत पांढरे झालेले. मी एका स्टुलावर बसलो होतो.

टंडन साहेब आले, टाकीत डोकावले, आणि हळू आवाजात विचारलं काय झालं बेटा.

"सर, क्रश ग़लत हो गया मुझसे," ती म्हणाली.

मुझसे. मी ऐकलं. माझं दळण तिनं स्वतःवर घेतलं आणि माझ्याकडं बघितलंही नाही. साहेब माझ्याकडं वळून म्हणाले, चचा, तुमच्यासारखा माणूस शेजारी उभा असताना ही अवस्था, तर एरवी काय होत असेल. इथं मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी मान हलवली. वर खाली, हो म्हणतात तशी.

परत येताना मेट्रोत बसायला जागा मिळाली. मी खिडकीकडं तोंड करून बसलो आणि आलमबाग स्टेशन यायच्या आत माझी चूक मला समजली. आमच्या चक्कीत तीन जोड होते. पहिला जोड दाणा फोडायचा, आणि मग चाळण्या टरफल बाजूला काढून वरच्या वाटेनं टाकीत पाठवायच्या. माझ्या शेवटच्या जोडापर्यंत टरफल कधी यायचंच नाही. यायची नुसती कणी. ती कितीही बारीक दळा, चाळणीचं टरफल शाबूत. इथं एकच जोड, त्यातूनच सगळं जाणार. त्या पोरीनं हेच सांगितलं होतं, दोनदा. मी वीस वर्षं चक्कीच्या एका कोपऱ्यावर उभा होतो आणि मला वाटत होतं की मला चक्की येते.

घरी जेवण गेलं नाही. मालननं विचारलं. मी म्हटलं, दळण जास्त बारीक झालं, घाणा फुकट गेला.

"कुणी केलं बारीक?"

मी ताट बाजूला सारलं. तिनं ताट उचललं, आत नेऊन ठेवलं, परत आली.

"मग बोलणी तिनं खाल्ली असतील," ती म्हणाली. "उद्या जाऊन त्या मालकाला खरं काय ते सांगा. नाहीतर मंडळात तिच्या आईशेजारी मला बसता यायचं नाही."

गुरुवारी मी गेलो नाही. हे लिहायला नको वाटतं पण लिहितो. गुरुवारी मी घरी बसून राहिलो, कपाट आवरलं, गच्चीवरची टाकी धुतली. शुक्रवारी गेलो.

टंडन साहेबांनी ऑफिसात बसवलं, चहा मागवला. मी उभ्यानंच बोललो. "साहब, परसों का माल मैंने बिगाड़ा है। चक्की मैंने कसी थी। बिटिया ने मना किया था।"

ते हसले. अगदी मायेनं हसले. "चचा, आपका दिल बड़ा है। बच्ची को बचा रहे हैं।"

याची मी तयारी करून आलो नव्हतो. त्यांनी रागवावं, जा म्हणावं, हे सगळं मनात धरून आलो होतो. खरं सांगूनही माणूस विश्वास ठेवणार नाही, हे ध्यानात आलं नव्हतं. मी पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, एवढ्या मोठ्या कारखान्यातला माणूस, चौतीस वर्षांचा, अशी चूक करेल का, मला कुणी सांगितलं तरी पटणार नाही. म्हणजे माझं नाव जितकं मोठं तितकी ती पोर खोटी ठरत होती. ते नाव खाली उतरवल्याशिवाय तिची सुटका नव्हती.

मग मी सांगितलं. "साहब, मुझे पूरी चक्की नहीं आती। एक जोड़ आता है, आख़िरी वाला। बाक़ी दूसरे लोग देखते थे। मुझे लगा सब वैसा ही होता है।"

आयुष्यात हे वाक्य मी कधी कुणाला बोललो नव्हतो. घरीसुद्धा नाही. साहेबांनी कप खाली ठेवला.  मग विचारलं, ठीक आहे, चौथा तुमचा, पण आधीचे तीन? मी म्हटलं ते मला माहीत नाही, एकदा आणखी करू द्या, मी चक्कीला हात लावणार नाही. ते म्हणाले, सोमवारी गुडगाववाले येणार ते येणार, त्याआधी काय करायचं ते करा.

शनिवारी सकाळी तिनं तिच्या पत्त्यांनी फट लावली. मी हात पाठीमागं बांधून उभा राहिलो. शुक्रवारी काय झालं ते तिला साहेबांकडून कळलं असावं, कारण तिनं मला चहा दिला तेव्हा काही बोलायला तोंड उघडलं आणि मग नुसतं शक्कर ठीक है ना एवढंच विचारलं. यावेळी पाणी झकास उतरलं. स्वच्छ, सोनेरी. तिनं थोडं गार केलं, मीटर सोडला, वाकून बघितलं.

साडेनऊ.

ती माल्टच्या पोत्यावर बसली. मोबाइल काढला, परत ठेवला. भुसा उपसायला माणूस फावडं घेऊन आला, तेव्हा मी त्याला थांबवलं. दळणापलीकडं जे मला खरोखर येत होतं ते मी अजून केलंच नव्हतं. भुसा चाखला नव्हता.

बाही वर करून भिंतीच्या बाजूनं हात घातला, तळापर्यंत. चावून बघितलं. सपक, धुतलेल्या कोंड्यासारखा. मधे घातला. थोडा गोड. पलीकडच्या, सांडपाण्याच्या नालीच्या बाजूनं घातला तर शिऱ्यासारखा गोड. परत भिंतीकडं. सपक.

"इकडं ये," मी म्हटलं. "हे खा."

तिनं चिमूट तोंडात टाकली, तोंड वाकडं केलं. मी तिला पलीकडची चिमूट दिली. ती चावता चावता थांबली. मग स्वतःच टाकीभोवती फिरून चारी बाजूंनी उकरून खाल्लं, भुसा हनुवटीला लागलेला, आणि म्हणाली, "आजोबा, ये तो एक ही साइड मीठा है।"

साखर होत होती. माल्ट चांगला, पाणी चांगलं, दळण चांगलं. फक्त एका बाजूची साखर बाहेरच येत नव्हती. भुसा काढून तळाची जाळी उचलली. भिंतीकडं, तोटीच्या बाजूला तळ कोरडा, आणि समोर नालीच्या बाजूला दोन बोटं गोड पाणी साचलेलं. तोटी वर आणि साठलेलं खाली. प्रत्येक वेळी टाकी धुताना ते नळीच्या पाण्याबरोबर वाहून जात होतं.

मी तिला म्हटलं, गवंडी वापरतात तसली पारदर्शक नळी मिळेल का. खालच्या हार्डवेअरच्या दुकानातून तिनं आणवली. आपल्याकडं त्याला पाणसळ म्हणतात. नळीत पाणी भरायचं, दोन टोकं दोन बाजूंना धरायची, पाणी दोन्हीकडं सारख्या उंचीवर उभं राहतं, त्यावरून चढउतार कळतो. टाकी नालीकडं झुकलेली निघाली. डोळ्याला दिसत नव्हतं, कारण टाकी गोल, गुळगुळीत, आणि सगळी खोलीच तशी झुकलेली.

खोली का झुकली ते तिथल्या सफाईवाल्यानं सांगितलं. पूर्वी फरशीवर पाणी साचायचं आणि खालच्या साड्यांच्या दुकानात गळायचं. म्हणून दिवाळीच्या आसपास टंडन साहेबांनी नालीकडं उतार देऊन नवी फरशी घालून घेतली होती. टाकी उचलून बाजूला ठेवली, फरशी झाल्यावर परत होती तिथं ठेवली. पायांखाली काही घालायचं कुणाला सुचलं नाही. जुना माणूस त्याच महिन्यात सोडून गेलेला. त्यानंतर सानिका आली. तिनं पाणी मोजलं, तापमान मोजलं, वेळ मोजली, फट मोजली. जमीन मोजायची असते हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नसावं. आमच्याकडंही दर हंगामाला फिटर टाक्यांची पातळी बघून जायचा. मी त्या वेळी बिडी ओढायला बाहेर जायचो. माझं काम नव्हतं ना ते.

साहेबांना तुम्ही सांगा, ती म्हणाली. मी म्हटलं, शोध तू लावलास, दोन्ही बाजूंचा भुसा तू खाल्लास, तू सांग. ती गेली. काय बोलली मला माहीत नाही, पण संध्याकाळी पाचच्या आत फिटर हजर होता. नालीकडच्या पायांखाली लोखंडी पट्ट्या बसल्या. नळीतलं पाणी दोन्ही टोकांना एका रेघेत उभं राहिलं.

रविवारी तिनं सहावा घाणा घातला. मी आणि ती दोघंही मीटरवर वाकलो. मला त्या बारीक रेघा दिसत नाहीत. तिनं वाचलं, बाराला दोन बारीक रेघा कमी. मग तिनं दुसरं गार पाणी घेऊन परत वाचलं. तेवढंच आलं. ती म्हणाली पापा को फ़ोन करती हूँ, आणि काचेच्या खोलीबाहेर गेली. मी तेवढ्या वेळात भुसा चाखला. चारी बाजूंनी सपक. एवढा बेचव भुसा खाऊन इतका आनंद होणारा माणूस लखनौत दुसरा नसेल.

सोमवारी गुडगाववाले आले. त्यांनी चहा घेतला, टाक्या बघितल्या, काचेतून खालचा रस्ता बघितला आणि टंडन साहेबांनी त्यांना लिफ्टपर्यंत पोचवलं. सानिका राहिली. माझ्या फोटोचा विषय पुन्हा निघाला नाही. तिथं आता डोंगराचं चित्र लावलंय, मी बघितलंय.

त्याच दिवशी मी निघताना ती वही भरत होती. प्रत्येक घाण्याचा एक कागद असतो. माल्ट किती, पाणी किती, आकडा काय, आणि बिघडला तर शेवटी एक रकाना, बिघाड कुणामुळं. ही वही साहेबांच्या भागीदाराकडं जाते आणि उद्या तिच्या जागी जो कुणी येईल त्याच्याही हाती जाते. मी म्हटलं, बुधवारचा कागद काढ. तिथं इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं. मला अक्षरं लागतात पण शब्द लागायला वेळ जातो. वाच म्हटलं. तिनं टाळलं. मग वाचलं, ब्रूअरची चूक. म्हणजे बिअर बनवणाऱ्याची, तिची.

"हे खोड," मी म्हटलं.

"जाने दीजिए न आजोबा। अब तो सब ठीक हो गया।"

मी पोत्यावर बसून राहिलो. सव्वा तास बसलो. तिनं भांडी आवरली, नळ्या धुतल्या, दोनदा माझ्याकडं बघितलं. शेवटी तिनं पेन घेतलं, खोडलं, आणि माझ्याकडं बघून विचारलं काय लिहू. मी म्हटलं, पूर्ण नाव लिही. मारुती ज्ञानू शिंगटे. नुसतं आजोबा नको.

कारखान्यातही अशी वही होती. तिच्यावर केमिस्टची सही असायची, चांगल्या घाण्याला आणि वाईट घाण्यालाही. चौतीस वर्षांत तिच्यात माझं नाव कधी आलं नाही, आणि तेव्हा त्याचं मला बरंच वाटायचं. या वहीत आहे. मी तिच्याकडून ते दोनदा वाचून घेतलं आणि मग घरी आलो.